गुवाहाटीहून कोण आलं?

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे, आणि मी ती माझ्या डोळ्यांनी बघितली आहे. कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा.

गेल्या वर्षी वैशाखात आई गेली. पहाटे, विट्याजवळच्या आमच्या गावी. मी, अंकिता, साताऱ्यात दिलेली. दोन तासांत पोचले.

पण माझा भाऊ सूरजदादा गुवाहाटीत. आमच्याकडं घरटी एक माणूस असा परमुलखात, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात असतो. गुवाहाटी ते विटा म्हणजे रेल्वेनं तीन दिवस.

आणि आईनं सांगून ठेवलेलं, "मला अग्नी माझ्या सूरजनंच द्यायचा." दादानं तसा शब्दही दिला होता.

बातमी त्याला पहाटेच कळवली. नंतर फोन लागेना. दुकानातला कामगार म्हणाला, शेठ विमानाचं बघायला गेलेत.

बाळासो काका उन्हाकडं बघत म्हणाले, "अंके, लय येळ ठिवता येणार न्हाई गं."

"दादा आल्याबिगर उचलायचं न्हाई!" मी हट्टच धरला.

दुपारी बायकांचं रडणं एकदम थांबलं...

दारात दादा उभा होता.

खांद्याला बॅग. तेजाबानं पिवळी पडलेली तीच बोटं. मी त्याच्या गळ्यात पडून रडले. तो एक शब्द बोलला नाही. पाणी दिलं, तेही प्यायला नाही.

माझी नजर खाली गेली... एवढ्या फुफाट्यातून चालत आलेला माणूस, आणि पायाला धूळ नाही.

"एवढ्या लौकर कसा रं आलास?" कुणीतरी विचारलं.

"इमानानं आला असंल," काकाच म्हणाले. धंद्यासाठी बाहेर असलेली पोरं कशी येतात, कशी जातात, आमच्या गावात कुणी खोदून विचारत नाही. मीही विचारलं नाही. जिवाला हायसं वाटलं होतं ना!

माणसं स्मशानातून परतली. दादानं अग्नी दिला म्हणाले.

पण दादा त्यांच्यात नव्हता...

"मागंच हुता की," काका म्हणाले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दादाचा नंबर.

"अंके, फोन बंद पडलेला गं. आत्ता कुठं विमान मिळालं. उद्या दुपारी पोचतोय. आईला ठेवलंय न्हवं?"

मागून विमानतळावरची घोषणा स्पष्ट ऐकू येत होती.

मी काही न सांगता फोन कट केला.

दुसऱ्या दिवशी दादा आला, धुळीनं भरलेला. मी त्याला स्मशानात घेऊन गेले. राख सावडायचं बघायला काका तिथंच आले होते.

"अग्नी कुणी दिला?" दादानं विचारलं.

काका त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

"तूच की रं..."

दादा राखेशेजारी बसला आणि लहान पोरासारखा रडला. माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध आहे. दादानं आठ दिवस आधीचं तिकीट काढलंय. "ह्या खेपेला त्याच्या आधी पोचतो," म्हणाला.

पोचेलच तो. पण दार मी उघडणार आहे...

गेल्या खेपेला मी त्याच्या गळ्यात पडले होते. सख्खी बहीण असून मला फरक कळला नाही.

मग आता कसा कळेल?