जोडीचा नंबर

त्या रविवारी मी फ्राऊ वेसेलमान यांच्याकडे गेलो ते अगदी साध्या कामासाठी. त्यांच्या घरच्या छोट्या रेल्वेतलं एक इंजिन रिमोटला दाद देत नव्हतं, एवढंच. जर्मनीतल्या आमच्या छोट्या गावात असली कामं माझ्याकडेच येतात. चाळीस वर्षं मी रेल्वेच्या सिग्नल केबिनीत काढली आणि निवृत्त झाल्यावर लोकांची तळहातभर इंजिनं दुरुस्त करत बसलो. माझी बहीण म्हणते, "डेटलेफ, तुझी रेल्वे दिवसेंदिवस आखूड होत चाललीय." तिचं खरं आहे.

नोव्हेंबरातला मृतांचा रविवार होता. सकाळीच सगळं गाव कबरींवर हिरव्या फांद्या ठेवून, दिवे लावून आलं होतं. फ्राऊ वेसेलमानही जाऊन आल्या होत्या. त्यांचा नवरा एवाल्ड सप्टेंबरात गेला. तो माझा तीस वर्षांचा मित्र. माणूस हुशार, पण घरात त्याच्या शब्दापुढे कुणाचं चालत नसे. आता संध्याकाळी मुलगी वीबके येऊन आईला कायमचं हानोफरला आपल्या घरी नेणार होती.

"सगळं इथंच राहू दे," तळघराचा जिना उतरताना फ्राऊ वेसेलमान म्हणाल्या. "हे एकच इंजिन मी नेणार. पण चालत असेल तरच हं, डेटलेफ. मेलेलं काही मला त्या घरात न्यायचं नाही."

"न चालायला काय झालं? चाकांना मळ बसला असेल."

"ऐंशी वर्षांनंतर पहिल्यांदा मी स्वतःच्या मनानं कुठं तरी राहायला जातेय. तिथं ते माझ्या खिडकीत राहील." त्या लाजल्यासारख्या हसल्या. मला बरं वाटलं. त्यांना असं हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं.

तळघरात तेलाचा वास होता आणि कोपऱ्यात साठवलेल्या सफरचंदांचा. बॉयलरची घरघर चालू होती. चार वाजले होते, पण वरच्या झरोक्यातून येणारा उजेड केव्हाच राखाडी झाला होता. मी टेबलावरचा दिवा जवळ ओढला.

इंजिनावर ४३ आकडा होता. आमच्या छंदात प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते आणि चिपला एक नंबर. रिमोटवर तो नंबर लावला की तेच इंजिन हलतं, बाकीची गप्प राहतात. एवाल्डनं इथं जन्मसालं वापरली होती. ३८ म्हणजे तो स्वतः, ४३ म्हणजे बायको.

मी चाकं स्पिरिटनं पुसली, रूळ घासले, रिमोटची बॅटरी बदलली. त्याच रिमोटवर मालगाडीचं इंजिन छान पळालं. ४३ मात्र ढिम्म. दिवासुद्धा लागेना.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही चूक आमच्यातला प्रत्येक जण एकदा तरी करतो. जड गाडीला दोन इंजिनं लावायची, तर दोघांना मिळून एक तिसरा नंबर देतात, जोडीचा. एकदा जोडीत गेलं की इंजिन स्वतःचा नंबर ऐकत नाही. पुढे रिमोटवरून जोडी पुसली तरी ती इंजिनाच्या पोटात राहून जाते, आणि माणूस तासन् तास चाकं पुसत बसतो.

मी इंजिन तपासणीच्या रुळावर ठेवून चिप वाचली. जोडीच्या रकान्यात ६२ होता.

"बासष्ट?" त्या म्हणाल्या. "आमच्या लग्नाचं साल."

"म्हणजे सरळ तोंडानं जोडीत आहे. एखादं उलट तोंडानं जोडायचं असलं, तर त्यात एकशे अठ्ठावीस मिळवतात. मग पुढचं पुढं गेलं की हे मागं मागं ओढलं जातं. तसलं काही नाही."

"तो पुढं असायचा," त्या म्हणाल्या. "३८ पुढं, आणि माझं मागून ढकलायला."

मी इंजिन मोठ्या रुळावर ठेवून रिमोटवर ६२ लावला. ४३ चा दिवा लागला आणि ते निघालं. पण निघालं ते दमानं, चाकं घसरवत, कण्हत. मागे एकही डबा नव्हता. मी सहज विजेचा काटा पाहिला. एक इंजिन पाव अँपियर खातं. काटा अर्ध्या अँपियरवर होता.

"रुळावर दुसरं काही आहे का? ३८ कुठाय?"

त्यांनी मागच्या रिकाम्या रुळावरून बोट फिरवलं.

"त्याच्याजवळ आहे," त्या म्हणाल्या. "त्यानं सांगून ठेवलं होतं. कोटाच्या खिशात... मीच ठेवलं. शवपेटीचं झाकण लावायच्या आधी."

मी रिमोटचं चाक शून्यावर आणलं. काटा लगेच खाली आला नाही. थोडा वेळ अर्ध्यावर थरथरला आणि मगच पडला. मला त्या क्षणी वर उजेडात जावंसं वाटलं, हे मी कबूल करतो.

"जोडी मोडता येते?" त्यांनी हळूच विचारलं.

"येते. त्या रकान्यात शून्य लिहायचं."

"मग लिही. बासष्ट वर्षं मी त्या नंबराला ओ दिली. आता माझ्या नंबराला देईन म्हणते."

मी शून्य लिहिलं, वाचून पाहिलं. शून्यच होतं. रिमोटवर ४३ लावला, आणि इंजिन असं सुळकन पळालं की त्यांनी टाळी वाजवली. काटा पावावर होता. त्यांनी बोगद्यातून, पुलावरून त्याला तीन फेऱ्या मारायला लावल्या, स्वतःच्या हातानं. मग कोट घालायला वर गेल्या. अंगणात वीबकेची गाडी आल्याचा आवाज झाला.

केबिनीतली एक सवय जात नाही. काम झालं की मी दुसऱ्यांदा तपासतो. इंजिन पुन्हा तपासणीच्या रुळावर ठेवलं आणि चिप वाचली.

१९०.

मी बोटांवर हिशेब केला. बासष्ट आणि एकशे अठ्ठावीस. पुन्हा शून्य लिहिलं. वाचलं. १९०. बॉयलर बंद पडला होता, आणि त्या शांततेत कुठंतरी खूप खोलवर, फरशीच्या खाली, बारीक चाकं फिरल्यासारखा आवाज येत होता...

"डेटलेफ," जिन्यावरून हाक आली. "झालं ना सगळं ठीक?"

चिप उपटून टाकायला मला दोन मिनिटं लागली असती. पण मला त्या तळघरात दोन मिनिटंही थांबायचं नव्हतं. "ठीक," मी म्हणालो, आणि इंजिन रुमालात गुंडाळून त्यांच्या हातात दिलं. भित्रेपणा याहून वेगळा नसतो.

जानेवारीत एकदा दुपारी वीबकेचा फोन आला.

"डेटलेफ, एक विचारू? हसू नकोस. आई मागं मागं चालायला लागलीय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जेवणावरून उठते, तोंड माझ्याकडेच असतं, आणि पाठीनं दाराकडे जाते. डॉक्टरांना काही सापडत नाही. तिला विचारलं, तर म्हणते, मी कुठं चालतेय गं..."

"आणि ते इंजिन?"

"खिडकीत असतं. ना रूळ, ना वीज. पण रोज सकाळी खिडकीच्या कडेला येऊन थांबलेलं असतं, पाठीकडून. मी परत आत सरकवते." पलीकडे एक खुर्ची सरकली. "बघ, आत्ताही उठलीय ती."

फोनमधून मला लाकडी जमिनीवरची पावलं ऐकू येत होती. सावकाश, अडखळत चाललेली. मी कान लावून ऐकलं. मग पुन्हा ऐकलं.

"वीबके, घरात आणखी कोण आहे?"

"कुणी नाही. आई आणि मी. मी तर इथं खुर्चीत बसलेय. का?"

पावलं दोन माणसांची होती.