सोन्याचा दात कुणाचा?

कालिंदी गिरगावातल्या हेरंबच्या खोलीत आली. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्या दिवसापासून तिचा नवरा रमाकांत घरी आलाच नव्हता. आज सकाळी तिच्या धाकट्या दिराने, जगदीशने, शवागारातलं एक प्रेत त्याचं म्हणून ओळखलं होतं. चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला. खूण एकच, सोन्याचा दात.

"संध्याकाळी ताब्यात देणार आहेत," ती म्हणाली. "पण माझं मन घेत नाही. तुम्ही एकदा बघा."

हेरंब खाजगी गुप्तहेर. त्याने शांतपणे विचारलं, "मूळ दात कसा गेला?"

"कबड्डीत," तिच्यासोबत आलेला जगदीश दारातून म्हणाला. "मुळासकट पडला. मीच मातीतून उचलला. मग डॉक्टरांनी सोन्याचा बसवला."

"त्याचा यांना काय ताप!" कालिंदीला हुंदका आला. "जेवण झालं की दोरा सुईने त्या दाताखालून ओवून काढायचे. शेजारच्या फटीत वरून उतरायचाच नाही."

"घरातून काही गेलंय?"

"यांच्या दम्याच्या गोळ्या. हे गेल्यावरही फळीवर होत्या. दुसऱ्या दिवशी बघते तर नाहीत."

"मधे कोण आलं होतं?"

"भावोजींशिवाय कोणीच नाही."

जगदीशने मान खाली घातली.

शवागाराच्या पायरीवर वरळीच्या बीडीडी चाळीतली कमळाबाई बसली होती. "माझा माणूस गिरणीतनं आलाच नाय," ती येईल त्याला सांगत होती. "पर आतल्याची वळख पटली म्हनत्यात. मला बघूच देत न्हाईत."

कालिंदीला बाहेरच्या बाकावर बसवून, जगदीशला तिच्यापाशी ठेवून, हेरंब आणि त्याचा सोबती गुणाजी आत जाऊन आले. हेरंबच्या हातात दोरा होता.

"वहिनी, ते रमाकांत नव्हेत."

"अरे, पण सोन्याचा दात आहे की!" गुणाजी म्हणाला.

"सोनं आहे, गुणाजी, पण ती नुसती टोपी. ज्याला क्राउन म्हणतात. स्वतःच्या दाताच्या मुळावर बसवलेली. तिच्या दोन्ही बाजूंनी दोरा सरळ हिरडीपर्यंत उतरला. रमाकांतच्या जबड्यात तिथे मूळच नाही, टोपी बसणार कशावर? त्यांना ब्रिज लागला. मधला खोटा दात दोन शेजाऱ्यांना जोडून, पुलासारखा. म्हणून तर दोरा खालून ओवावा लागे. पडलेला दात उचलणाऱ्या भावाला हे ठाऊक नसेल? आणि मेलेल्या माणसाला गोळ्या कोण पोचवतं?"

जगदीशने कालिंदीपुढे हात जोडले. "पोलीस दादाच्या मागावर आहेत. मेला म्हटलं तर शोध थांबेल. तुमच्या तोंडून निघालं असतं, म्हणून बोललो नाही, वहिनी. दादा जिवंत आहे, लपलाय तो तिकडे…"

"नका सांगू!" कालिंदीने त्याला अडवलं. जिवंत आहेत. आणि खरं बोललं, तर पुन्हा त्यांच्यामागे पोलीस. तिची नजर पायरीकडे गेली. कमळाबाई पदर तोंडाशी धरून बसली होती.

कालिंदी उठली. दारावरच्या हवालदारासमोर जाऊन उभी राहिली.

"आमची ओळखण्यात चूक झाली. हे माझे यजमान नाहीत. त्या बाईंना आत सोडा."

हवालदाराने तिला खालीवर न्याहाळलं. "मग तुमचे यजमान कुठायत?"

"मला ठाऊक नाही," कालिंदी म्हणाली.

आतून कमळाबाईचा टाहो ऐकू आला.