लग्नाआधीची सुई

"हात लावू नकोस तिला, सरोजिनी! लग्नाआधी टोचवून आणलंस, तेवढं पुरे झालं!"

सासूबाईंच्या, शांताबाईंच्या, त्या शब्दांनी धाकट्या जावेला जवळ घ्यायला निघालेला सरोजिनीचा हात तसाच थबकला. विनिताला तिसरा महिना होता... आणि शेजारच्या आग्नेसचा जो धाकटा आठवडाभर विनिताच्या कडेवरून उतरत नव्हता, त्याच्या अंगावर आज लाल पुरळ उठलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, जर्मन गोवर!

असंच दोन दिवसांचं पुरळ सरोजिनीला दिवस असताना आलं होतं. 'उष्णता झाली' म्हणून शांताबाईंनी कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली आणि सगळे विसरले. मग रेवा जन्मली, डोळ्यांत मोतीबिंदू आणि दुबळं काळीज घेऊन... अकरा महिन्यांत गेली. पुढे डॉ. फ्रान्सिस यांनी कारण सांगितलं: ते पुरळ म्हणजे जर्मन गोवर, पोटातल्या बाळाला बाधणारा. म्हणाले, "लसी काय फक्त पाळण्यातल्या बाळांच्या असतात? मुलींना लग्नाआधी या गोवराची, गरोदरपणी धनुर्वाताची, म्हातारपणीही काही असतात."

म्हणूनच परेशभावजींचं लग्न ठरताच तिने विषय काढला होता. "लग्नाआधी सुई? सोयरे म्हणतील मुलीत खोट काढली!" असं म्हणून शांताबाईंनी तो उडवून लावला. तेव्हा ब्लाउजचं माप द्यायच्या निमित्ताने तिने विनिताला दवाखान्यात नेलं! ते फुटलं, त्यातून पहिलं वर्ष कोरडं गेलं, आणि घराने ठरवून टाकलं की मूल गमावलेल्या थोरलीने जळून धाकटीला वांझपणाची सुई टोचवली. ओटी भरायला तिला कुणी बोलवेना.

आता परेशने विनिताचं रक्त तपासायला दिलं. दोन दिवस! सरोजिनी मनाशी एकच घोकत राहिली. सुई लागू पडली नसली तर? शंभरात दोन-चार जणींना नाही लागू पडत, असं डॉक्टरच म्हणाले होते... देवा, या पोरीच्या कुशीत माझी रेवा पुन्हा नको!

तिसऱ्या दिवशी परेश कागद घेऊन धावतच दवाखान्यातून आला.

"वहिनी! धोका नाही! डॉक्टर म्हणाले, तिच्या रक्तात आधीपासूनच ताकद आहे... तुमच्या त्या सुईची!"

"ताई!" म्हणत विनिता तिच्या गळ्यात पडली.

शांताबाई मात्र दारातच खाली बसल्या. "ही सुई कशासाठी, ते मला तेव्हाच का नाही गं सांगितलंस?"

"रेवा का गेली ते सांगायला आले होते, आई. तुम्ही म्हणालात, गेलेल्या पोरीचं नाव या घरात काढू नकोस."

मग त्या म्हाताऱ्या बाईने भीतभीत सुनेचा हात धरला.

"सरोजिनी... रेवाला माझ्या त्या पाण्याने तर काही झालं नव्हतं ना गं? इतकी वर्षं तेच भय वाटत होतं... म्हणून नाव नको म्हटलं."

"नाही, आई, नाही हो!" सरोजिनीने त्यांना पोटाशी धरलं आणि त्या दोघी रेवासाठी पहिल्यांदाच एकत्र रडल्या.