दोन बिंदूंची किल्ली

मुकुंद नार्वेकरांनी आलेखाच्या कागदावर पेनने एकच ठिपका काढला आणि तो कागद नातीपुढे सरकवला.

"माझ्याकडे आहे ती किल्ली एवढीच," ते म्हणाले. "आता सांग, आजीची पेटी यावर कितपत उघडेल?"

उल्काने कागद उलटा धरून पाहिला, उजेडात धरून पाहिला. बारा वर्षांच्या मुलीला कोडं घातलं की ती आधी कोडं घालणाऱ्याचा चेहरा वाचते. पण आजोबांच्या चेहऱ्यावर हल्ली वाचण्यासारखं काही नसे. पेटी उघडायला दोघं लागतात, असं तिने आईकडून ऐकलं होतं, म्हणून तिने अंदाजाने सांगितलं, "अर्धी?"

"अर्धी नाही, पाव नाही, रतीभरसुद्धा नाही. हा ठिपका जगातल्या सगळ्यांत हुशार यंत्राला दिला, तरी ते तुझ्याइतकंच अडाणी राहील. का ते शोध." एवढं बोलून आजोबा खिडकीबाहेर बघत बसले.

पेटी म्हणजे टेबलावरचं ते राखाडी, डब्याएवढं यंत्र. उल्काची आजी, डॉ. हेमलता, बेडकांची अभ्यासक होती. सावंतवाडीहून आंबोलीच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) जायचं, तिन्हीसांजेला ध्वनिमुद्रक लावायचा आणि ऐकत बसायचं, हे तिने वीस वर्षं केलं. तिचा लाडका होता टिचकी बेडूक. वाटीवर नखाने टिचकी मारावी तसा त्याचा आवाज. प्रदेशनिष्ठ (एकाच भागात सापडणारा, बाहेर कुठेही नाही) असा हा इवलासा प्राणी. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला आजी तारीख, जागा आणि हवामान सांगे, मग म्हणे, "आता ऐकू या."

आजी पौषात गेली. त्याला चार महिने झाले होते आणि उल्काला एका गोष्टीची भीती वाटू लागली होती. आजी काय काय म्हणायची ते तिला आठवे, पण कुठल्या आवाजात म्हणायची ते हळूहळू पुसट होत होतं. फोटो ढीगभर होते. चित्रफितींत मात्र आजी नव्हतीच, कारण कॅमेरा कायम तिच्याच हातात. तिचा आवाज होता तो फक्त त्या पेटीत, आणि पेटीला कुलूप.

हे कुलूप का लागलं, त्याचीही कथा आहे. आजीने पहिली काही मुद्रणं इंटरनेटवर सर्वांसाठी मोकळी ठेवली होती. एका कंपनीने ती उचलली, पावसाचा आवाज गाळला, आणि फोनची धून म्हणून स्वतःच्या नावाने बाजारात आणली. बेडकाचं ओरडणं कुणाच्या मालकीचं नसतं, पण ते टिपण्यासाठी ज्याने भिजत बसून मेहनत घेतली, त्या मुद्रणावर त्याचा प्रताधिकार (आपल्या निर्मितीवर कायद्याने मिळालेला हक्क) असतो. म्हणजे हक्क आजीचा. पण इंटरनेटवर तपासणी करायला माणसं थोडीच बसतात? तिथे राखणदार आज्ञावली (चोरीचा माल आपोआप हुडकणारा प्रोग्राम) असते. ती प्रत्येक आवाजाचा ठसा घेते आणि आपल्याकडच्या नोंदलेल्या ठशांशी ताडून पाहते. कंपनीने ठसा नोंदवला होता, आजीने नव्हता. झालं. आजीने इंटरनेटवर घेतलेल्या एका वर्गात स्वतःचाच बेडूक ऐकवला आणि राखणदाराने तिलाच चोर ठरवून आवाज बंद केला. तक्रार केली, तर उत्तरही दुसऱ्या आज्ञावलीनेच दिलं. आपल्या गावच्या वेशीवरचा राखणदार देव बरा, नारळ दिला की निदान ऐकून तरी घेतो, असं आजी म्हणाली होती म्हणे.

मग वाद पेटला तो घरातच. आजोबांचं आयुष्य गुपितं सांभाळण्यात गेलेलं. बँकांची, दवाखान्यांची माहिती कूटबद्ध करणं (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी बदलून ठेवणं) हा त्यांचा विषय. ते म्हणाले, सगळं कुलपात घाला. आजीबरोबर सड्यावर यंत्रं वाहून नेणारे त्यांचे जुने मित्र इनास रॉड्रिग्ज, वेंगुर्ल्याचे ग्रंथपाल. ते म्हणाले, उलट सगळं उघडं करा, नाव-तारखेसह, म्हणजे सारं जग साक्षीदार होईल. खरं तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. पण हे बोलणं दोघांनी ओसरीवर बसून केलं असतं तर चहाबरोबर संपलं असतं. त्यांनी ते केलं इंटरनेटवर, चारचौघांत. इनासनी लिहिलं, मुकुंदाला बायकोच्या कामापेक्षा आपलं कुलूप प्यारं. आजोबांनी लिहिलं, लोकांच्या कष्टांवर इनास दानशूर झाला. शेकडो अनोळखी माणसं टाळ्या पिटायला धावली, आणि टाळ्या पडू लागल्या की माघार घेणं कठीण होऊन बसतं. दोघांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. शेवटी आजीने तोडगा काढला. इंटरनेटवरची मुद्रणं काढून पेटीत ठेवायची, पेटीला कुलूप लावायचं, पण किल्लीचे तीन वाटे करायचे, मुकुंदाला एक, इनासला एक, तिला एक. कुठलेही दोन जण एकत्र आले तर पेटी उघडेल, एकट्याला उघडणार नाही. नवं मुद्रण आत टाकायला मात्र किल्ली लागणार नव्हती.

"किल्लीचे तुकडे केले असतील," उल्का म्हणाली. "तीन आकडे तुम्हाला, तीन त्यांना."

आजोबांनी मान हलवली. तुकडे करणं हा खुळेपणा, त्यांनी समजावलं. समज, किल्ली आठ आकड्यांची आहे आणि चोराला चार कळले, तर उरलेल्या चारांच्या शक्यता दहा हजार. यंत्र त्या पापणी लवायच्या आत तपासून मोकळं होतं. म्हणजे प्रत्येक तुकडा थोडी थोडी चुगली करतो. चुगली अजिबात न करणारा वाटा हवा.

त्यांनी नवा कागद घेतला. डावीकडची उभी रेघ म्हणजे भिंत, ते म्हणाले, आणि गुपित म्हणजे त्या भिंतीवरची एक उंची. समज, पाच. तिथून त्यांनी पट्टीने एक तिरकी, सरळ रेघ ओढली. भिंतीपासून एक घर पुढे ती सातच्या उंचीवर होती, दोन घरं पुढे नऊच्या, तीन घरं पुढे अकराच्या. या तीन ठिकाणी त्यांनी तीन ठिपके दिले. मग खोडरबराने रेघ पुसली, भिंतीवरची खूणही पुसली. राहिले फक्त ठिपके.

"आता दोन ठिपके बोटांनी झाक. एकट्या ठिपक्यावरून भिंत गाठून दाखव."

उल्काने पट्टी ठिपक्याला टेकवली. पट्टी किंचित वळवली की भिंतीवर तीन येई, आणखी वळवली की दहा, आणखी वळवली की शून्य. सगळ्या रेघा सारख्याच खऱ्या वाटत होत्या. कुठली निवडायची हे ठिपका सांगत नव्हता, सांगू शकतच नव्हता. तिने दुसऱ्या ठिपक्यावरचं बोट काढलं आणि पट्टी दोन्ही ठिपक्यांना लावली. आता ती वळवायला जागाच उरली नाही. दोन ठिपक्यांतून सरळ रेघ एकच जाते, आणि ती थेट पाचला जाऊन भिडली.

तिला एकदम उमगलं. एक ठिपका म्हणजे काहीच नाही आणि दोन म्हणजे सगळं, मध्ये काही नाही. याला गुपित-वाटणी म्हणतात, आजोबा म्हणाले, खऱ्या किल्लीत आकडे कागदावर मावणार नाहीत इतके मोठे असतात, पण युक्ती मुळात हीच. तिसरा ठिपका जादाचा, कारण माणसाचं काही खरं नसतं. एकाचा हरवला तरी बाकीच्या दोघांचं भागावं.

"मग आजीचा ठिपका कुठे आहे?"

आजोबांनी पट्टी टेबलावर ठेवली. मग मान खाली घालून त्यांनी सांगितलं. आजीच्या तेराव्याला रीतीप्रमाणे तिची छत्री, चपला, अंथरूण-पांघरूण दान दिलं. तिचा जुना फोनही चालू स्थितीत होता, कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून तोही दिला. देण्याआधी आजोबांनी तो स्वतः कोरा केला, अगदी मन लावून, एक अक्षरही परत मिळू नये असा. यंत्र कोरं केल्याशिवाय दुसऱ्याच्या हाती देऊ नये, असं ते जन्मभर लोकांना सांगत आले होते. आजीचा ठिपका त्या फोनमध्ये होता. हे त्यांना आठवलं तेव्हा फोन देऊन आठवडा उलटला होता.

"म्हणजे आता फक्त तुम्ही आणि इनास आजोबा."

"तो येणार नाही," आजोबा म्हणाले. "आणि मी बोलावणार नाही."

उल्का सहसा उलटून बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "मग तुमच्याकडे किल्ली नाही, आजोबा. कागदावर पडलेला शाईचा डाग आहे."

दुसऱ्या दिवशी आईला सांगून ती वेंगुर्ल्याच्या बसमध्ये बसली. बस बिनचालकाची होती आणि खिडकीबाहेर वैशाखात करपलेली कुंपणं. वाटेत तिने फोनवर तो जुना वाद उघडला. आजोबा आणि इनास केव्हाच निघून गेले होते, पण त्यांच्या शब्दांखाली माणसं अजून भांडत होती. ही कोण हेमलता, हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊकही नव्हतं.

इनास रॉड्रिग्ज उंच, वाकलेले आणि दाढी वाढलेले होते. त्यांनी दार उघडलं, तिच्याकडे बघत राहिले, आणि काही न विचारता तिला आत बसवून पाणी दिलं. उल्काने ठिपक्यांचं सांगितलं, फोनचं सांगितलं. आजीचा आवाज विसरायला होतंय, हेही सांगितलं. ते ऐकताना त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"हेमा गेली, हे माका कोणी कळवूक नाय गो," ते म्हणाले. "त्या भांडणाखाली कुणा परक्या माणसाने श्रद्धांजली लिहिली होती. ती मी वाचली. तोवर पंधरा दिवस झाले होते."

उल्काला आजोबांचा राग आला आणि रागापाठोपाठ त्यांची कीवही आली. ती उठली, तेव्हा इनासही उठले आणि त्यांनी पायांत चपला घातल्या. ठिपका सांगून पाठवणं त्यांना मान्य नव्हतं, वाटा दुसऱ्याच्या तोंडी द्यायचा नाही हा नियम मुकुंदाचाच होता, आणि तो नियम बरोबर होता.

सावंतवाडीच्या घराचं दार आजोबांनी उघडलं. दोघं म्हातारे उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"मी तुला कळवायला हवं होतं," आजोबा म्हणाले.

"हो," इनास म्हणाले, आणि आत आले.

दोघांनी आपापला आकडा एकमेकांना न दाखवता पेटीत भरला. कुलूप उघडताना काही आवाज झाला नाही, पडद्यावर फक्त मुद्रणांची रांग उभी राहिली. उल्काने पहिलं लावलं. आजीने तारीख सांगितली, सडा सांगितला, बारीक पाऊस, वारा नाही. आता ऐकू या. तिचा आवाज उल्काला वाटत होता त्याहून बारीक होता, किंचित नाकातला. आपण चुकीचाच आवाज आठवत होतो हे कळून उल्काला रडू फुटलं, आणि तिने ते आवरलं नाही. मागोमाग टिचकी बेडूक बोलू लागले, शेकड्यांनी.

मग ती पुढे पुढे जात राहिली. दर वर्षी बेडूक विरळ होत गेले. शेवटच्या चार वर्षांच्या मुद्रणांत आजी तारीख सांगे, जागा सांगे, आता ऐकू या म्हणे, आणि पुढे नुसती पानांवरून थेंब गळत असे. एकही टिचकी नाही. आजी तरीही दर वर्षी गेली होती, आणि घरी येऊन कुणाला काही बोलली नव्हती. कुणाला सांगणार होती? ऐकणारे दोघं आवाज राखायचा कसा यावर भांडून बसले होते.

"नव्हता, याचीही नोंद असते," आजोबा पुटपुटले. "तिने नीट नोंद ठेवली आहे."

"आजोबा," उल्काने विचारलं, "या गप्प मुद्रणावरही प्रताधिकार असतो?"

"असतो. हेमलताचा. तिच्यानंतर वारस म्हणून..." ते थांबले. "माझा."

मग त्यांनी पेटीचा पडदा इनासकडे वळवला. अंधार पडण्याआधी त्यांनी सगळी मुद्रणं इंटरनेटवर मोकळी केली. या वेळी आधी हेमलताच्या नावाने प्रत्येक आवाजाचा ठसा नोंदवला, आणि सोबत लिहिलं की कुणीही ऐकावं, शिकवावं, वापरावं, फक्त तिचं नाव गाळू नये. हक्क ठेवूनही दार उघडं ठेवता येतं, हे त्या दोघांना पाच वर्षांपूर्वी सुचायला हरकत नव्हती. वादाच्या धाग्यावर लगेच नवी भांडणं लागली. हे आधीच का केलं नाही, आता कंपन्यांचं फावणार, वगैरे. दोघांनीही उत्तर दिलं नाही.

आठवड्याने चंदगडकडच्या एका शिक्षिकेचा निरोप आला. शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे संध्याकाळी असाच आवाज येतो, तिने लिहिलं होतं, मुलं म्हणतात नळ गळतो. सोबत तिने टिपलेला आवाज होता. मध्येच कुत्रं भुंकत होतं, पोरं हसत होती, आणि त्या सगळ्याखाली, फार लांब, काहीतरी टिकटिकत होतं. आजोबांनी तो पुन्हा पुन्हा ऐकला आणि मान हलवली. इतक्या खराब मुद्रणावरून काही म्हणता येत नाही, आशा धरू नकोस, त्यांनी उल्काला बजावलं. खरोखरच नळ असेल.

इनास आजीचा ध्वनिमुद्रक पिशवीत भरत होते.

"नळ असला तर दुरुस्त करून येऊ," ते म्हणाले.