दोन लहान, एक लांब

"पळताना सगळीच इंजिनं गातात रे. उभं राहिल्यावर जे कण्हतं, त्याचं ऐक."

दादाचा हा आवाज धाकट्या भावाच्या कानात लहानपणीच घर करून बसला. त्या एका वाक्यावर तो गाड्यांचा मिस्त्री झाला.

पुढचं खोटं वाटलं तर वाटू दे. पण मिस्त्री आजही उजव्या हाताची तीन बोटं अन्नाला लावत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मंगळवार होता. दुपारचे तीन. रस्त्यावर लख्ख ऊन, गॅरेजचं शटर सताड उघडं. भुताखेतांची ही वेळच नव्हे.

वहिनी दादाची गाडी घेऊन आल्या.

दादाला जाऊन चार महिने झाले होते. घराखाली, याच गाडीत, चालू इंजिनावर गेला. पेट्रोल संपेपर्यंत गाडी धडधडत राहिली. वहिनी तेव्हा बाजारात होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, एका क्षणात गेला. हाक मारायलाही वेळ मिळाला नसेल.

तेवढ्याच वाक्याची उशी करून मिस्त्री झोपत होता.

"भाऊजी, उभी राहिली की थरथरते. खोकते. विकायला काढली, तर येणारा दार उघडतो आणि नाक दाबून परत जातो."

"उंदीर मेलाय आत," शेजारचा पेंटर ओरडला. "माझ्या गाडीत मेला होता, तेव्हापासून सासरेबुवा बसायचे बंद झाले. देव त्या उंदराचं भलं करो!"

वहिनी हसल्या नाहीत.

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. इंजिन कण्हत होतं... घशात बेडका अडकलेल्या माणसासारखं.

खर्र... खर्र...

हवा आत घेणारा पाइप त्यानं सोडवला. तिथे काजळी असते. इथे मात्र पिवळट, चिकट लाळ होती. कोमट. बोट उचललं तर तार धरून वर आली.

फडक्यानं सगळं पुसून काढलं.

पाच मिनिटांनी पाहिलं...

पुन्हा होती.

"कॉम्प्युटर रिसेट करून बघतो," तो म्हणाला. "इंजिनाचा कॉम्प्युटर चालवणाऱ्याच्या पायाची सवय शिकतो, वहिनी. बॅटरीची वायर काढून वीस मिनिटं ठेवली की विसरतो. मग इंजिन चालू करायचं आणि रेसच्या पेडलला कुणी पाय लावायचा नाही. दहा मिनिटांत ते नव्यानं श्वास घ्यायला शिकतं."

"म्हणजे ह्यांची सवय पुसली जाईल?"

"जाईल."

"मग पुसा." जरा घाईनंच म्हणाल्या.

दादाची सवय सगळ्या घराला ठाऊक. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हॉर्न वाजवायचा नाही. घराखाली उभा राहून रेस द्यायचा. दोन लहान, एक लांब. म्हणजे वहिनींनी खाली यायचं. मिस्त्री चिडवायचा, "जा वहिनी, गाडीनं हाक मारली!"

वीस मिनिटं झाली. वायर जोडली. इंजिन चालू करून मिस्त्री बाहेर आला, इंजिनाचे आकडे दाखवणारा स्कॅनर हातात धरून उभा राहिला. गाडीत कुणी नव्हतं.

इंजिन निवलं. पाळण्यात लेकरू निजावं तसं.

"झालं, वहिनी..."

व्रूम. व्रूम. व्रूऊऊऊम.

पेडल किती दाबलंय, तो स्कॅनरवरचा आकडा हलला. बारा... शून्य. बारा... शून्य. चाळीस.

"वायरिंगचा घोळ असेल," तो स्वतःशीच पुटपुटला. पुन्हा वायर काढली. पुन्हा वीस मिनिटं. पुन्हा चालू.

या वेळी तो उघड्या दारातून खालीच बघत होता.

पेडल दबलं... वर आलं.

दबलं... वर आलं.

मग दबलं, आणि दबलेलंच राहिलं.

वास आला. फुलदाणीत महिनाभर कुजलेल्या पाण्याचा. श्वास रोखून तो वाकला. पेडल अडकलंय का बघायला तीन बोटं पुढे केली.

बोटं रबरापर्यंत पोचलीच नाहीत.

मध्ये काहीतरी होतं. दिसत नव्हतं. मऊ, फुगलेलं... फार वेळ पाण्यात राहिलेल्या पायासारखं. त्याच्यावरची साल बोटांना चिकटली... आणि सरकली.

मिस्त्री गटारापर्यंत धावला आणि भडाभडा ओकला. मग साबण घासला. रॉकेल ओतलं. थिनर ओतलं. बोटांचा बुळबुळीतपणा जाईना.

परत येऊन त्यानं श्वास कोंडून किल्ली फिरवली, काढून घेतली.

व्रूम. व्रूम. व्रूऊऊऊम.

किल्ली मुठीत होती... इंजिन चालू होतं.

पेंटरचा ब्रश हवेतच थांबला होता. वहिनी स्टुलावर, दोन्ही कानांवर हात, चेहरा राखेसारखा.

"वहिनी?"

व्रूम. व्रूम...

"मी बाजारात नव्हते, भाऊजी."

इंजिन बंद पडलं.

त्या शांततेत त्यांचा आवाज कुणीतरी ओढून काढावा तसा बाहेर आला.

"मी वर होते. खिडकीत. त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. नऊ वेळा बोलावलं ह्यांनी... शेवटची रेस फार लांब होती.

मी खिडकी लावून घेतली."