सुभेदारणीचा फोटो

"चोरी म्हणायचीसुद्धा लाज वाटते," कॅप्टन हंबीरराव खाडे म्हणाले. मृत्युंजय हिरेमठने पुढे केलेल्या खुर्चीत बसायचं त्यांना सुचलंच नाही.

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या त्या खासगी तपासाच्या ऑफिसात रविवारी सकाळी सहसा कुणी फिरकत नसे. मृत्युंजयचा मदतनीस जोतीराम हा निवृत्त हवालदार. कॅप्टन माजी सैनिक संघटनेचे अध्यक्ष आणि जोतीराम त्याच संघटनेचा सभासद. त्यामुळे तो अजून ताठ उभाच होता.

"काय गेलंय?" मृत्युंजयने विचारलं.

"एक फोटो."

संघटनेचा दरवर्षी दिवाळीनंतर स्मरणदिन होत असे. निवर्तलेल्या सैनिकांचे फोटो हॉलमध्ये लावायचे, नावं वाचायची, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं. यंदा, म्हणजे २००१ साली, प्रथमच त्यांच्या निवर्तलेल्या पत्नींचेही फोटो शेजारी लावायचं ठरलं होतं.

"नवरा सीमेवर असताना घर त्यांनीच राखलं. त्यांचंही स्मरण झालं पाहिजे, ही माझीच कल्पना," कॅप्टन म्हणाले. "आणि आज सकाळी पाहतो तर सुभेदार बाळासो इंगवल्यांच्या पत्नीचा, तानाबाईंचा फोटो नाही. नेमका त्यांचाच! त्यांच्या मुलानं, सम्राटनं, हा हॉल बांधून दिलाय. आज संध्याकाळी त्याचा सत्कार आहे."

"तानाबाई कधी गेल्या?"

"गेल्या वर्षी श्रावणात. मलकापूरला, माहेरी."

"तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलं होतंत?"

कॅप्टनांनी घड्याळाकडे पाहिलं. "आधी हॉल बघू या का? वेळ थोडा आहे."

हॉल नवाकोरा होता. रंगाचा वास अजून गेला नव्हता. भिंतीवर जोडीजोडीने फोटो लावले होते. प्रत्येक फोटोला शेवंतीचा हार आणि प्रत्येकाखाली अरुंद फळीवर पणती. सुभेदार बाळासो मात्र एकटेच होते. शेजारी मोकळा खिळा.

मृत्युंजय त्या खिळ्यासमोर जाऊन उभा राहिला.

"जोतीराम, काय दिसतं?"

"खिळा दिसतो, साहेब."

"सुभेदारांच्या गळ्यात हार किती आहेत?"

जोतीरामने मान वर केली. "दोन हायत की. चोरानं फोटो नेला आन हार ह्यांच्या गळ्यात घालून गेला?"

मृत्युंजय मोकळ्या खिळ्याखालच्या पणतीवर वाकला होता. बाकी सगळ्या पणत्या जळत होत्या, ही विझलेली होती. तेल काठोकाठ होतं आणि वातीवर शेवंतीचं एक फूल दाबून ठेवलं होतं. फुलाच्या पाकळ्या करपल्या होत्या.

दिवे लावायचं काम बाळाबाईंकडे होतं. त्याही लष्करातल्या एका नाईकाच्या विधवा, हॉलच्या मागच्याच गल्लीत राहायच्या. डोळे रडून लाल झाले होते.

"मी सकाळी लवकर आलतो, पावणं. सगळे दिवे लावलो. तवा तानाचा फोटो हुता की! तिच्यापुढं जरा जास्तच थांबलो. मैत्रीण हुती माझी."

"तुमच्यानंतर कोण कोण आलं?"

"फ्रेमवाला ज्ञानू आला, तिरके फोटो सरळ करून गेला. मग सम्राट आन त्याची बायको पूर्णिमा. त्यो बाहेर मांडववाल्याशी बोलत हुता. ती हार घालत हुती. लई गुणाची पोर. रिकामी करंडी गाडीत ठेवायला निघाली, मी म्हटलं, आन इकडं, मी ठेवतो. तर म्हणाली, नको मावशी, जड हाय."

"आणि या दोघांचं घरात कसं आहे? सुखात आहेत?"

"व्हय तर! गेल्या सालच्या दिवाळीनंतर केवढी थाटात वास्तुशांत केली नव्या बंगल्याची. सगळी संघटना जेवायला. मी सोता पुरणाच्या पोळ्या लाटू लागलो." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तेवढं बघायला ताना पायजे हुती. शेवटी शेवटी तिला काय कळत नव्हतं म्हणा. दोन वर्सामागच्या स्मरणदिनाला भर सभेत उठली, लुगड्याचं भान न्हाय, फोटोपुढं उभं ऱ्हाऊन नवऱ्याला हाका मारायला लागली. त्यानंतर तिला कुनी बोलावलंच न्हाय."

मृत्युंजयने कॅप्टनांकडे पाहिलं. ते दारातल्या तोरणाची गाठ घट्ट करत होते.

फ्रेमवाला ज्ञानू आपल्या दुकानात काच कापत बसला होता. चोरीचं ऐकून आधी त्याचा आवाज चढला.

"माझ्यावर घेऊ नका! संघटनेशी माझं भांडण झालं ते फ्रेमच्या लाकडावरून. फोटो चोरून मी काय करू?"

"तुमच्यावर कोण घेतंय? फोटो कसा होता तेवढं सांगा."

"तरुणपणीचा. सुभेदारांबरोबरच्या जोडफोटोतून काढला मी. सम्राटरावांना म्हटलं, अलीकडचा एखादा द्या की, म्हातारपणी माणूस ओळखू तरी येतंय. तर म्हणाले, हाच लाव. खाली नाव घालायचं तर त्यांच्या मिसेस म्हणाल्या, नुसतं तानाबाई लिहा, कै. राहू दे. मी म्हटलं, वैनी, सगळ्यांना कै. हाय, ह्यांनाच कसं सोडू? मग गप बसल्या."

बाहेर आल्यावर जोतीरामने आवाज खाली आणला. "साहेब, मला सापडलं. ह्ये सासूसुनेचं हाय. मेल्यावरसुद्धा सासूला मान मिळायला नको. म्हणून कै. नको, म्हणून फोटो पळवला."

"मग पणतीवर फूल का ठेवलं?"



सम्राट इंगवल्यांचा बंगला ताराबाई पार्कात होता. दिवाणखान्यात सुभेदारांचा मोठा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. तसा दुसरा फोटो कुठे आहे का, हे मृत्युंजयने बसल्या जागेवरून पाहून घेतलं. नव्हता.

सम्राट चाळिशीच्या आतबाहेरचा, सत्कारासाठी नवा शर्ट घालून बसलेला. "एवढ्यासाठी तपास कशाला? कुणाची तरी मस्करी असेल. आई काय फोटोत होती का? आमच्या मनात आहे ती."

"शेवटी मलकापूरला होत्या ना?"

"हो, मामांकडे. अचानक झालं. पाऊस होता, रस्ता बंद. आम्ही तिथेच सगळं उरकून घेतलं. कुणाला कळवायलाही वेळ मिळाला नाही."

पूर्णिमा चहा घेऊन आली.

"सगळे हार शेवंतीचेच कसे?" मृत्युंजयने तिला सहज विचारलं. "मोगरा नाही घेतला?"

"आईंना मोगऱ्याच्या वासानं डोकं दुखतं. म्हणून सगळ्यांनाच शेवंती घेतली."

सम्राटने कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

परत येताना मृत्युंजय एका एसटीडी बूथमध्ये शिरला. मलकापूरला त्याचा एक जुना ओळखीचा माणूस होता. त्याच्याशी तो बराच वेळ बोलला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"चोर सापडला का साहेब?"

"तो मघाशीच सापडला होता," मृत्युंजय म्हणाला. "आता वाटतं, नसता शोधला तर बरं झालं असतं."

कार्यक्रमाला अजून अवकाश होता. हॉलशेजारच्या छोट्या खोलीत मृत्युंजयने चौघांना बोलावलं. कॅप्टन, सम्राट, पूर्णिमा आणि बाळाबाई. बाहेर खुर्च्या मांडल्याचा आवाज येत होता. जोतीराम दार लावून त्याला पाठ टेकून उभा राहिला.

"फोटो कुणी नेला, ते जोतीरामनं सकाळीच सांगितलं होतं," मृत्युंजय म्हणाला. "माणूस बरोबर होता, कारण चुकलं होतं. बाळाबाई, हार काढून घेतलेली करंडी जड कशी असेल?"

बाळाबाईंनी गोंधळून पूर्णिमाकडे पाहिलं. "आत कायतरी असल्याबिगार..."

"आत फ्रेम होती."

"काय बोलताय तुम्ही!" सम्राट उसळला. "माझी बायको चोर?"

"चोर रागानं आला असता तर हार ओरबाडून टाकला असता. इथं तो काढून सासऱ्यांच्या गळ्यात घातला. पणती फुंकून विझवली नाही. देवापुढचा दिवा शांत करतात तशी, फूल ठेवून शांत केली. ज्यानं हे केलं त्याच्या मनात तानाबाईंविषयी आदर होता. मग त्यांचा हार का काढायचा? त्यांच्यापुढचाच दिवा का विझवायचा? मी दिवसभर याच्यावरच अडलो होतो."

मृत्युंजय बोटांवर मोजू लागला.

"कै. लिहू नका म्हणणारी सून. घरात सासऱ्यांचा फोटो, सासूचा नाही. श्रावणात आई गेली आणि वर्ष सरायच्या आत, त्याच दिवाळीनंतर, थाटात वास्तुशांत. आईवर प्रेम असो नसो, आपल्याकडे कुणी वर्षाच्या आत असं करत नाही. आणि आज दुपारी या म्हणाल्या, आईंना मोगऱ्यानं डोकं दुखतं. 'दुखायचं' असं म्हणाल्या नाहीत. 'दुखतं' म्हणाल्या."

पूर्णिमाने डोळे मिटून घेतले.

"मी मलकापूरला फोन केला. सम्राटराव, तुमच्या मामांच्या घरात गेल्या वर्षी कुणीही वारलेलं नाही. तिथं अशी समजूत आहे की तानाबाई कोल्हापुरात वारल्या. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायला आणि पुढं दिवा लावायला या बाईंचं मन धजेना. एवढीच ही चोरी."

"जित्ती हाय?" बाळाबाई उठून उभ्या राहिल्या. "माझी ताना जित्ती हाय? आन मी सकाळी तिच्या नावानं दिवा लावला व्हय रे, सम्राट?"

"गगनबावड्याजवळ एका आश्रमात आहेत," पूर्णिमा म्हणाली. आवाज इतका बारीक होता की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. "मी जमेल तशी जाऊन येते. फोटो लावणार म्हटल्यावर मी यांच्या पाया पडले. सकाळी हार घातला आणि वाटलं, आपण आपल्या हातानं त्यांना मारतोय. बाकी काही सुचलं नाही मला."

सम्राट खुर्चीवर बसला. बोलू लागला तेव्हा तो कुणाकडेच बघत नव्हता.

"ती बाजारात पदराशिवाय फिरायची. माझ्या धंद्यातली गिऱ्हाईकं मला थांबवून सांगायची, तुमच्या आईला आवरा. कुलूप लावलं तर रात्रंदिवस दार वाजवायची. शेवटी आश्रमात ठेवली. मग एकानं रस्त्यात विचारलं, आई दिसत नाहीत बरेच दिवस? माझ्या तोंडून निघून गेलं, गेली. तो तिथंच हात जोडून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी चार माणसं भेटायला आली. तिसऱ्या दिवशी तुमची संघटना आली, शोकसभेची तारीख ठरवूनच. मला वाटलं, आता सांगावं. पण प्रत्येक जण म्हणत होता, सुटली बिचारी. कुणी एकानं विचारलं नाही की काय झालं होतं, कुठं नेली, अग्नी कुणी दिला. तुम्हाला सगळ्यांनाच बरं वाटलं होतं."

"सम्राट, तोंड सांभाळून बोल," कॅप्टन म्हणाले.

"तुम्ही सांगा ना, कॅप्टनसाहेब. तिनं सभेत बाबांना हाका मारल्या त्या दिवशी तुम्ही मला बाजूला घेऊन काय म्हणालात?"

कॅप्टनांचा हात छातीवरच्या पदकांवर गेला आणि तिथेच राहिला.

"मी म्हणालो," ते कसेबसे म्हणाले, "पुढच्या वेळी आईला आणू नकोस. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."

"त्या दिवसापासून ती तुमच्यासाठी मेलीच होती. मी नुसतं जाहीर केलं." मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "माझी चूक कमी होत नाही त्यानं. माहीत आहे मला."

जोतीरामने दाराकडे तोंड फिरवलं. त्या सभेला तोही होता.

त्या संध्याकाळी सत्कार झाला नाही. कॅप्टनांनी नावं वाचली, पण मधेच कागद खाली ठेवला आणि माइकवर सगळं सांगितलं, स्वतःचं वाक्यही. सभागृहात एवढी माणसं बसली होती, कुणी कुणाकडे बघितलं नाही. स्तब्ध उभं राहायला सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गाड्या गगनबावड्याकडे निघाल्या. कॅप्टन गणवेशाचा कोट घालून आले होते. बाळाबाईंनी पहाटे उठून भाकरी आणि पिठलं बांधून घेतलं होतं. मृत्युंजयचं काम संपलं होतं, पण पूर्णिमाने त्यालाही चला म्हटलं आणि त्याला नाही म्हणवेना.

आश्रमाच्या ओसरीवर तानाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. केस कापलेले, अंगाने अगदी वाळलेल्या, पण लुगडं स्वच्छ. पूर्णिमा दिसताच त्या हसल्या. बाळाबाई त्यांच्या गळ्यात पडून रडल्या, तेव्हा त्यांनी शांतपणे त्यांची पाठ थोपटली. कुणाची पाठ, ते त्यांना कळलं असेल असं वाटलं नाही.

मग कॅप्टनांचा कोट त्यांच्या नजरेला पडला. त्या धडपडत उठल्या आणि पदर डोक्यावरून घेतला.

"आमचं सुभेदार न्हाय आलं तुमच्यासंगं?"

कॅप्टनांनी सॅल्यूट केला. हात खाली घ्यायचं त्यांना जमेना.

सम्राट पायऱ्यांपाशीच थांबला होता. बाळाबाईंनी त्याच्या दंडाला धरून वर आणलं. तो आईच्या पायांवर कोसळला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

तानाबाई भांबावल्या. जरा मागे सरकल्या. मग वाकून त्यांनी त्याला खांद्याला धरून उठवायचा प्रयत्न केला.

"उठा की, पावणं," त्या म्हणाल्या. "कुणाचं कोण, एवढं रडू नये. लांबनं आलाय जणू. बसा, जेवून जावा."

पूर्णिमाने ओसरीवर चटई पसरली. सम्राट बसला. आईने त्याच्यापुढे भाकरी ठेवली आणि तो खातो की नाही ते बघत समोर बसून राहिली.