डाव्या मडगार्डवरचे घाव

सहा आठवडे खपून शिंप्याने घडवलेलं मडगार्ड दोन तासांत कुणीतरी चेचून टाकलं.

वडिलांची जुनी गाडी तो घरामागच्या शेडमध्ये पुन्हा उभी करत होता. डाव्या चाकावरचा पत्रा गंजून गेला होता. त्याने सदऱ्याचा बेततात तसा कागदी नमुना बेतला, पत्रा कापला, वाळूच्या पिशवीवर ठोकून बाक दिला आणि वर रंगाआधीचा तांबूस प्रायमर मारला. मडगार्ड गाडीला चपखल बसलं.

त्याचा थोरला भाऊ तीस वर्षं डेंटिंगचं, गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करायचं काम करत होता. नवं मडगार्ड पाहून तो एक शब्दही बोलला नव्हता.

शिंप्याने सूक्ष्मबाईंना बोलावलं. खरं नाव कुणाला आठवत नसे. नजरेतून काही सुटत नाही म्हणून हे नाव पडलेलं. सोबत त्यांचे शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर होते.

शिंपी काल चार ते सहा शिवलेले कपडे पोचवायला गेला होता. शेडला कुलूप होतं. एक किल्ली स्वयंपाकघरात, दुसरी भावाकडे.

बाई पत्र्यावर वाकल्या. खळगे दहा-बारा होते, सगळे सारखे: एका टोकाला निमुळते, होडीच्या नाकासारखे.

"हातोडाच," मास्तर म्हणाले.

"हातोड्याला नाक असतं का, मास्तर?"

भाऊ आला. आपण काल पाच वाजता येऊन गेलो, हे त्याने लपवलं नाही. चेचलेल्या पत्र्याकडे त्याने एकदाच पाहिलं आणि नजर वळवली. कुणी केलं असेल असं विचारल्यावर म्हणाला, "माझ्यावर संशय असेल तर असू द्या."

"जळत होतात का धाकट्यावर?" बाईंनी विचारलं.

"हो. जे शिकायला मला दहा वर्षं लागली, ते हा कागदावर बेतून करतो."

मास्तरांनी बाईंकडे अर्थपूर्ण पाहिलं.

शिंप्याची बायको पुढच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. काल साडेचारला ठोकाठोकी ऐकू आली, पण आमचे हेच शेडमध्ये काम करताहेत असं वाटलं, असं तिने सांगितलं. कपड्यांची पिशवी शिंप्याच्या हातात कुणी दिली, हे बाईंनी सहज विचारलं. "मीच," ती म्हणाली. टेबलावर कालच्या इस्त्रीचा पांढरा सदरा होता. बाईंनी उचलला, तेव्हा आतल्या घडीवर तांबूस डाग दिसला. मास्तरांना तो गंजाचा वाटला.

बाईंनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. येताना टेबलावरची जड इस्त्री आणली आणि तिचं टोक एका खळग्यात ठेवलं. ते नेमकं बसलं.

"भाऊ डेंटिंगवाला. त्याला पत्रा मोडायचा असता तर त्याच्या हाताला हातोडा आला असता, इस्त्री नाही. इस्त्रीला लागलेला प्रायमर नंतर सदऱ्यावर उतरला. आणि नवऱ्याला स्वतः पिशवी देऊन बाहेर पाठवणाऱ्या बाईला, तो शेडमध्ये ठोकतोय असं कसं वाटेल?"

बायकोने नाकारलं नाही.

"या पत्र्याचं माप यांनी चार-चारदा घेतलं," ती म्हणाली. "हात फिरवून बघायचे, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. माझं पोलकं मात्र लग्नातल्या मापाने शिवतात. मी बदलले, हेसुद्धा यांना माहीत नाही."

शिंपी भावाकडे वळला. "दादा, तुला कळलं होतं?"

"घाव पाहिला की हत्यार कळतं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"माझं नाव आलं असतं तर तू चार महिने अबोला धरला असतास. हिचं आलं असतं तर घरात काय झालं असतं?" भाऊ थांबला. "आणि खरं सांगतो, पत्रा मोडलेला पाहून मला बरं वाटलं होतं. म्हणून तोंड उघडायची लाज वाटली."

भावाने पत्रा गाडीवरून काढून उजेडात धरला आणि पुटपुटला की ताणला गेलाय, पण तापवून बसवता येईल; दोघांनी मिळून धरावा लागेल.

शिंप्याने मान डोलावली, पण पत्र्याला हात लावला नाही. आतून खुर्ची आणून त्याने ती बायकोसमोर ठेवली आणि स्वतः खाली जमिनीवर बसला.

"बस," तो म्हणाला. "आणखी काय काय बदललं, ते सांग."